कावळ्याशी भांडण

आता हसणार नसाल तर सांगतो. एका उंटापायी मी चौथीच्या पोरांशी भांडण काढलं. मी! शारजात गाड्या रंगवणारा, चांगला मिशीवाला माणूस!

झालं काय, माझा थोरला भाई रमजानच्या तोंडावर वारला. त्याची पोरगी झोया, भाभीबरोबर दुबईत अल बर्शाला राहते. तिच्या वर्गातली पोरं टॅबवर मिळून एक गोष्ट बनवतात. कुणी ओळ लिहितं, कुणी चित्र काढतं. खरं नाव कुणाचंच दिसत नाही. कुणी ससा, कुणी मासा, कुणी कावळा. झोयानं तिच्या खात्यातून माझ्या फोनवर मलाही आत घेतलं, मला बोका केलं.

"चाचा, यू कॅन हेल्प."

मी म्हटलं, झोया म्हणजे ससाच असणार. गोड पोर ती!

गोष्ट एका उंटाची आणि त्याच्या पिल्लाची. उंटाला चष्मा. हुबेहूब भाई! आणि एका शुक्रवारी भाभीकडे जेवता जेवता फोनवर बघतो, तर कावळ्यानं लिहिलेलं, उंट मेला. इंग्रजीत होतं, पण तेवढं मला कळतं हो.

डोकंच फिरलं! बापाविना पोर, आणि तिला कुणी डिवचतंय?

मी उंटाला उठवून बसवलं. कावळ्यानं परत आडवा केला, वर वाळू टाकली. मी वाळू पुसून उंटाला पंख लावले. कावळ्यानं पंख खोडले! मग काय, मी ठणकावून लिहिलं, 'ए कव्वे, दम है तो सामने आ!'

लगेच झोयाच्या वर्गाच्या बाईंचा भाभीला फोन. "आपके यहाँ से कोई बच्चा धमकी दे रहा है. उमर क्या है उसकी?"

भाभी माझ्याकडे बघत म्हणाली, "चोवीस."

मी तरी गप्प बसावं ना? "झोया, नाव सांग त्या कावळ्याचं! त्याच्या बापालाच भेटतो!"

"चाचा, आय ॲम द क्रो."

भाभी माझं ताट उचलून आत गेली. मी अजून जेवत होतो.

"पण का मारतेस गं त्याला?"

"ही इज डेड, चाचा. तू सारखा उठवतोस. बेबी कॅमल पुढे कसा जाणार? एव्हरीबडी इज वेटिंग."

भाईच्या दफनाला मी उभा होतो, पण कबरीवर टाकायच्या मातीची मूठ उघडलीच नव्हती. आता बोटानं हळूहळू त्या उंटावर वाळू ओढली. चष्म्यावर सगळ्यात शेवटी.

अख्ख्या वर्गानं टाळ्यांची चित्रं टाकली. खलास! आणि बाईंनी मला एक सोनेरी चांदणी दिली. शाळेकडून मला मिळालेली पहिलीच.