साहेबांनी माझी ओटी भरली

"शर्टाचा पदर कर," साहेब म्हणाले.

मी केला. त्यात टेबल पुसायचं फडकं पडलं, त्यावर शनिवारच्या पूजेचा नारळ. हेडक्लार्कने कुंकू म्हणून कपाळाला स्टॅम्पपॅडची शाई लावली. "बघा हो, आपला शिपाई बाळंत झाला!" सगळी कचेरी पोट धरून हसली.

माझा गुन्हा काय? रजा मागितली. धुळ्याच्या त्या कचेरीत बापाला अशी रजा असते हे कोणी ऐकलेलं नव्हतं. पण माझ्या हक्काची रजा शिल्लक होती, तीच मागत होतो. बायको नुकतीच बाळंत झालेली. टाके पडलेले. आई तिलाही नाही, मलाही नाही. सव्वा महिना तिचं करायला माझ्याशिवाय कोण होतं?

साहेबांनी अर्ज बाजूला सारला. "बायकांची कामं बायका करतील. तू चहा आण."

आणला. कपाळावर शाई घेऊन आणला. नोकरी होती, म्हणून तोंड नव्हतं.

घरी आलो तर बायको गल्लीतल्या नळावरून कळशी भरून येत होती. उंबऱ्यातच बसली. लुगडं रक्ताने भिजलेलं. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई माझ्यावरच डाफरल्या, "हिला पाणी भरायला कोणी लावलं?" साहेबांचं नाव सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

रात्री तिला घरी आणली. सकाळी नळावर लंगोट धुवायला बसलो. बायको दाराजवळच्या खाटेवरून म्हणाली, "तुमी कामले जा. गल्लीना लोके काय म्हनतीन?"

पिळता पिळता हात थबकले. हे काम मला येत होतं. मागच्या हिवाळ्यात साहेबांची लेक माहेरी बाळंतपणाला आली, तेव्हा मला बंगल्यावर धाडलं होतं. कचेरीच्या वेळेत मी त्यांच्या नातवाचे लंगोट धुतले. बाईसाहेब दारातून सांगायच्या, "नीट पिळ रे, बाळाला ओल लागते." तेव्हा कोणी ओटी भरली नाही.

तसाच ओल्या हातांनी कचेरीत गेलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "साहेब, तुमच्या नातवाचं गूमूत काढलं ती ड्युटी. माझ्या पोरीचं काढतो तर मी बायल्या?"

कोणी हसलं नाही. मी घरी आलो.

सव्वा महिना घरीच राहिलो. शिल्लक असूनही साहेबांनी रजा बिनपगारी केली. पुढे चाळीसगावला बदली. झाली तर झाली. पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला शिकलो, भाकरी थापायला शिकलो. पहिल्या भाकरी कुत्र्यानेही हुंगून सोडल्या. रजा संपली, पण अंगावर घेतलेली कामं मी परत बायकोच्या गळ्यात घातली नाहीत. पाणी माझं, लंगोट माझे, संध्याकाळच्या भाकरी माझ्या.

चाळीसगावच्या साहेबांनीही पहिल्याच आठवड्यात बंगल्यावर धुण्याला बोलावलं.

"येणार नाही," म्हणालो.

हे हात आता कोणत्याही साहेबाच्या घरची घाण काढणार नाहीत. माझ्या घरची काढतील, भर नळावर, चारचौघांत. हसायचं त्याने समोर उभं राहून हसावं.