आमच्या गाडीला कुणी ठोकलं?

आमच्या बिल्डिंगमध्ये कुठलीच घटना एकटी राहत नाही. तळमजल्यावर नळ गळला, तर गच्चीपर्यंत पोचेस्तोवर त्याचे चार किस्से झालेले असतात. मला रोज झोपण्यापूर्वी थोडं लिहून ठेवायची सवय आहे. एरवी अर्ध्या पानात दिवस मावतो. पण आमची उभी गाडी कुणीतरी ठोकून गेलं त्या आठवड्यात पानं पुरेनात. रोज नवा धक्का! गाडीला एकदाच बसला, मला रोज बसत होता.

ऐका तर.

आम्ही चेन्नईत, अण्णा नगरला राहतो. मी केंद्र सरकारच्या एका ऑफिसात नोकरीला, मूळ साताऱ्याचा. त्या रविवारी शहराबाहेर आवडी नावाच्या उपनगरात मित्राकडे सत्यनारायण होता. त्याच्या क्वार्टर्सकडचे रस्ते खणलेले, गाडीला उगाच खरचटेल म्हणून मी ती बिल्डिंगसमोर गल्लीत नीट कडेला लावली आणि आम्ही दोघं बसनं गेलो. मुक्काम तिकडेच केला.

सोमवारी सकाळी परत आलो. मागचं दार असं आत गेलेलं, जणू कुणी त्यात बसायला जागा केली होती! आरसा वायरला लोंबत होता. मी तिथेच फुटपाथवर बसलो. बायको, सुनंदा, नुसती "अहो... अहो..." करत होती.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या कमला मामी हातात कुंकवाची डबी घेऊन खाली आल्या. मला वाटलं, बिचाऱ्या धीर द्यायला आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. दाराच्या पोच्यावर ठसठशीत कुंकू लावलं, हात जोडले आणि मग हसून म्हणाल्या, "अभिनंदन, कुलकर्णी सार! तुमच्या घरची दृष्ट उतरली. मोठं संकट होतं, गाडीवर निभावलं!"

आणि वर केशरी गोड शिरा पाठवला! अपघाताबद्दल मिठाई खाणारा मी पहिलाच असेन.

*

तक्रार करायची तर तमिळमध्ये लिहून आणा, म्हणाले पोलीस स्टेशनात. मला तमिळ बोलता येतं, लिहिता येत नाही. पण शेजारी राजारामराव असताना चिंता कसली? राजारामराव म्हणजे तंजावरचे मराठे, घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिकडचं. आयुष्यभर शाळेत तमिळ शिकवलं. माझ्याशी मराठी बोलतात, पण तिला एक जुना वास आणि तमिळ हेल. मला 'अरे पा', म्हणजे 'अरे बाबा', म्हणतात.

"अरे पा, साधी तक्रार काय लिहायची? वाचणाऱ्याच्या काळजाला लागलं पाहिजे!"

दोन पानं लिहिली. इन्स्पेक्टर मोठ्यानं वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. टेबलाशी दोन हवालदार येऊन उभे राहिले. एका बाईनं, जी स्वतः चोरीची तक्रार द्यायला आली होती, पदर डोळ्यांना लावला. 'सावलीत निश्चिंत पहुडलेली', 'पाठीमागून घाला', 'आता ती पूर्वीसारखी कधी दिसेल काय'... असं बरंच काही मला कळत होतं.

इन्स्पेक्टरनं कागद खाली ठेवला, टोपी काढली आणि हळू आवाजात मला विचारलं, "अंत्यसंस्कार झाले का, सार?"

*

गाडी आहे हे कळल्यावर इन्स्पेक्टरचा सूर बदलला. त्यानं एक हवालदार आमच्या बिल्डिंगवर पाठवला. हवालदारानं गेटवर विचारलं, "वॉचमन कोण?"

वॉचमन मुरुगन. जिन्याखालच्या खोलीत तो, त्याची बायको सेल्वी आणि शाळेत जाणारी दोन मुलं राहतात. सेल्वी आमच्याकडे आणि आणखी दोन घरी भांडी घासते. मुरुगन म्हणाला, "मी काही बघितलं नाही."

झालं! आमचे सेक्रेटरी नटराजन सार नियमांचे फार कडक. पोलीस दारात आले म्हणजे असोसिएशनची अब्रू गेली. त्यांनी लगेच नोटीस लावली, रविवारी सकाळी मीटिंग. विषय एकच, कामात हयगय केल्याबद्दल वॉचमनला काढणे.

मी धावत गेलो. "अहो सार, गाडी माझी! माझी काही मुरुगनबद्दल तक्रार नाही!"

नटराजन सार शांतपणे म्हणाले, "गाडी तुमची, कुलकर्णी. पण वॉचमन आमचा."

नोकरी गेली म्हणजे खोलीही गेली, आणि मुलांची शाळा याच गल्लीच्या टोकाला. माझ्या एका तक्रारीनं चार माणसं रस्त्यावर यायची वेळ आली. तेव्हापासून मला दाराच्या पोच्याचं काही वाटेना. रविवारच्या आत ठोकणारा सापडलाच पाहिजे, एवढंच डोक्यात.

*

मला कॅमेऱ्याची आठवण झाली. गेटवरचा सीसीटीव्ही! वादावादी करून बसवलेला. आम्ही सगळे नटराजन सारांच्या हॉलमध्ये जमलो. फिल्टर कॉफी आली. सारांनी टीव्हीवर चित्र लावलं.

गल्ली नाही, गेट नाही, गाडी नाही. पडदाभर शेवग्याचं झाड!

"शेंगा चोरीला जातात," नटराजन सार म्हणाले. "म्हणून मीच कॅमेरा फिरवून घेतला."

मी डोक्याला हात लावला. पण कॅमेरा काम चोख करत होता हं! चित्र पुढे सरकलं. रविवारच्या पहाटेच्या उजेडात एक बाई आली, इकडेतिकडे बघितलं, काठीला आकडी लावून शेंगा ओढल्या आणि पदराखाली घेतल्या. मग तिनं वर मान केली. चेहरा अगदी स्वच्छ दिसला.

सुनंदा!

माझ्या हातातली कॉफी बशीत सांडली. घरी आल्यावर मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "सांबार ओरपताना नाही विचारलंत, शेंगा कुठल्या म्हणून!"

*

गॅरेजमध्ये विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. तरुण, गोड बोलणारा. सगळीकडून फोटो काढले. फॉर्मवर पेन टेकवून म्हणाला, "सार, मी लिहितो, तुम्ही गाडी मागे घेताना खांबाला लागली."

"पण मी गावातसुद्धा नव्हतो!"

"तसं नसतं बोलायचं, सार."

"अहो, उभी गाडी दुसऱ्यानं ठोकली. पोलिसात तक्रार आहे. खरं तेच लिहा."

त्यानं पेन खाली ठेवलं. गॅरेजवाल्याकडे बघितलं, गॅरेजवाल्यानं मान हलवली. मग मला समजावत म्हणाला, "सार, तुम्ही स्वतः ठोकली म्हणालात, तर कुणी संशय घेत नाही. दुसऱ्यानं ठोकली म्हणालात, की वाटतं हा माणूस खोटं बोलतोय!"

*

शुक्रवारी संध्याकाळी जिन्यात कमला मामी भेटल्या. मी सहज म्हणालो, "मामी, उद्या समोरच्या घरोघरी जाऊन विचारणार आहे. कुणीतरी बघितलं असेलच."

मामी थबकल्या. "कुणीतरी? अहो, सगळ्यांनीच बघितलं!"

"काय?"

"अम्मनची पालखी नव्हती का त्या संध्याकाळी!"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अम्मनचं, म्हणजे देवीचं, छोटं देऊळ आहे. आडी या तमिळ महिन्यात तिची मिरवणूक निघते. नावाला पालखी, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दिव्यांची मोठी कमान, मध्ये फुलांत बुडालेली देवी, पुढे ढोल आणि सनईसारखं नादस्वरम. वळताना त्या ट्रॉलीचा कोपरा आमच्या गाडीत घुसला होता. ओवाळायला दोन्ही बाजूंना अख्खी गल्ली उभी! लोकांनी माझा आरसा वायरला नीट अडकवला, ट्रॉलीतल्या देवीला नमस्कार केला आणि मिरवणूक पुढे गेली.

आणि ट्रॅक्टरपुढे उलटं चालत, हात हलवत, "वा, वा," म्हणजे "ये, ये, लेफ्ट, लेफ्ट," करणारे उत्सव समितीचे अध्यक्ष कोण? आमचे नटराजन सार!

"मामी, पाच दिवस मी पोलीस, कॅमेरा, सगळं करतोय! हिट अँड रन म्हणून तक्रार दिलीय मी! एकानंही सांगू नये?"

मामींचा चेहरा उतरला. दुखावल्यासारख्या म्हणाल्या, "रन? काहीतरीच काय बोलता! अम्मन पळाली कुठे? हळूहळू, नादस्वरमच्या तालावर गेली!"

*

मी तसाच मुरुगनकडे गेलो. तो गेटवर उभा होता.

"तू बघितलं होतंस ना?"

त्यानं गेटची कडी उगाच काढली, पुन्हा घातली.

"अरे, सांगून टाक! नोकरी जाईल तुझी! मुलं कुठे नेशील?"

तो खाली बघत म्हणाला, "नोकरी दुसरी शोधीन, सार. पोलिसात अम्मनचं नाव कुठल्या तोंडानं घेऊ?"

राजारामरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "अरे पा, मलाही सोमवारीच कळलेलं."

"आणि तरी दोन पानं लिहिलीत? 'पाठीमागून घाला' वगैरे?"

"तू मजकूर मागितलास, मी दिला. कोणी घाला घातला ते लिहिलंय का मी? बघ वाचून!"

मग मी तक्रार मागे घ्यायला पोलीस स्टेशनात गेलो. इन्स्पेक्टरनं ती फाइलमधून काढली, प्रेमानं तिच्यावरून हात फिरवला. "मागे घ्या, हरकत नाही. पण अर्ज त्याच मास्तरांकडून लिहून आणा!"

तक्रार मागे घेतली. नटराजन सारांना जाऊन सांगितलं, की आता पोलीस नाहीत, प्रकरण नाही, मीटिंग रद्द करा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नोटीस लागलेली आहे, कुलकर्णी. अजेंड्यावर विषय आला म्हणजे आला."

*

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. सगळे फ्लॅटवाले हजर. मुरुगन खांबाला टेकून उभा, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून. सुनंदा माझ्या कानात म्हणाली, "बोला तुम्ही. गल्ली बोलली नाही आपल्याशी तरी चालेल मला." राजारामराव माझ्या दुसऱ्या बाजूला.

नटराजन सारांनी ठराव वाचला. मी उठलो.

"सार, त्या संध्याकाळी वॉचमननं काय बघितलं ते राहू द्या. ट्रॅक्टरपुढे कोण चालत होतं, ते आधी बोलू."

खुर्च्या करकरल्या. कुणी कुणाकडे बघेना. नटराजन सारांचा चेहरा लाल झाला, पण आवाज तोच. "मिरवणूक हा असोसिएशनचा विषय नाही. गेटवरच्या माणसानं अपघात कळवला नाही, हा आहे. कोण अनुकूल? हात वर करा."

एक हात वर गेला. मग दुसरा. तिसरा.

तेवढ्यात सेल्वी गेटमधून आत आली. बाहेर कुठेतरी गेली होती, नव्या साडीत होती. तिनं वर गेलेले हात बघितले. मग मुरुगनकडे बघितलं.

तिचे खांदे थरथरायला लागले. आधी वाटलं, रडतेय. मग तिनं मान झटकली, अंबाडा सुटला, केस तोंडावर आले, दातांतून फुत्कार निघाला, आणि ती एका जागी घुमायला लागली. कमला मामी ताडकन उठल्या. "अम्मा! अम्मा आली!" कुणी कडुलिंबाचा डहाळा आणायला धावलं, कुणी हळदीचं पाणी.

आमच्याकडे भांडी घासताना जी बाई मान वर करून बोलत नाही, तिच्या तोंडून असा आवाज निघाला की पार्किंगचं छत घुमलं.

"मी ठोकली गाडी! माझ्या वाटेत उभी होती, मी ठोकली! त्याला का काढता? काढायचं तर मला काढा! कोण काढतो मला? हात वर करा!"

सगळे हात खाली आले. नटराजन सार त्यांच्या पांढऱ्याशुभ्र वेष्टीसकट, म्हणजे धोतरासकट, ऑइलच्या डागांवर सपशेल आडवे झाले. "तप्पु, अम्मा, तप्पु! चुकलं!" त्यांच्या मागे अख्खी असोसिएशन जमिनीवर. मी कधी वाकलो ते मलाही कळलं नाही. गाडी तर माझीच वाटेत होती ना!

देवी शांत झाली. सेल्वी पाणी प्यायली, केस बांधले आणि खोलीत गेली. नटराजन सार उठले, कपाळाचं ऑइल पुसलं आणि इतिवृत्ताची वही उघडली. ठराव रद्द करण्यात येत आहे. मग पेन थांबलं. नियम म्हणजे नियम!

"सूचक म्हणून... कुणाचं नाव लिहू?"

"अम्मनचं लिही की," राजारामराव म्हणाले. "अनुमोदक मी!"

मीटिंग संपली. मी मुरुगनला भेटायला गेलो. नोकरी वाचली होती, पण तो अजून खांबाला तसाच चिकटलेला, चेहरा पांढराफटक. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, आता कसली भीती? देवीनं स्वतः येऊन सांभाळलं तुला."

त्यानं खोलीच्या बंद दाराकडे बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजला.

"सार, सेल्वी ख्रिश्चन आहे. आत्ता चर्चमधूनच आली होती ती."