वहिनी, वाइन आणि उकडहंडी

मेघाचा फोन आला तेव्हा मी पालघरच्या बाजारात बोंबलांच्या टोपलीपुढे उभी होते. "आत्या, आई गेली," ती म्हणाली आणि मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. कारण आमची वहिनी सतत कुठे ना कुठे जात असायची. दांडी गावाला बोंबील वाळवायच्या बांबूंना गाठ कशी मारतात ते बघायला, नाहीतर बोईसरला कारखान्याच्या गेटबाहेर बिहारी कामगार निखाऱ्यांवर कसलेसे गोळे भाजतात ते चाखायला. "भाभी, चखके देखो," म्हणून त्यांनी दिलेला एक गोळा ती माझ्यासाठी पदरात बांधून घेऊन आली होती. "काय असतं ते बघून येते," एवढं सांगून ती निघायची. त्यामुळे ती गेली म्हणजे परत न येण्यासाठी गेली, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. फोनवर मेघा रडायला लागली तेव्हा कुठे कळलं. दुपारी जेवून पडली होती, चहाच्या वेळी अण्णा उठवायला गेला तर... डॉक्टर म्हणाले, हृदय. त्रास झाला नसावा.

शालिनीवहिनी ही माझ्या मोठ्या भावाची, अण्णाची बायको. शेजारच्याच नवापूरच्या एका वाडीवाल्या, बागायती घरातून ती पाम गावी आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. आमचे बाबा त्याआधीच गेले होते, दारूने. संध्याकाळी ते घरी यायचे त्याआधी त्यांचा वास यायचा. त्या वासाने आई चुलीपुढून उठायची, आणि मी दप्तर उचलून मागच्या दारी जाऊन बसायचे. अण्णाने शिक्षण सोडून बोईसरच्या कारखान्यात नोकरी धरली, घर सावरलं आणि एकच नियम केला : या उंबऱ्याच्या आत बाटली येणार नाही. आखाड संपताना सगळं गाव गटारी साजरी करायचं, तेव्हा अण्णा लवकर जेवून दार लावून घ्यायचा. वहिनीने हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला. तिला दारूचं काही अप्रूपही नव्हतं. तिचं सगळं चित्त खाण्यात. पापलेट ताजं आहे की बर्फातलं, हे ती वासावर सांगायची. कोथिंबीर कुठल्या विहिरीच्या पाण्यावर वाढली हेसुद्धा सांगायची. ते खरं की खोटं हे आम्ही कधी तपासलं नाही.

त्या साथीच्या दिवसांत तिला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. मग एकदा दूध जळून पातेलं काळं झालं तरी ती शेजारीच शेंगा सोलत बसलेली होती. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब, असे वास रोज सकाळ-संध्याकाळ घेत राहा, नाकाला पुन्हा शिकवावं लागतं. ती शिकवत राहिली. महिने गेले. एकदा मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते, ती कालवण ढवळत होती, आणि एकदम म्हणाली, "लता, मला आता जेवण म्हणजे नुसतं गरम नायतर थंड, मऊ नायतर कडक. बाकी काय नाय." ती तक्रार करत नव्हती. पण त्या वर्षी ती कुठेच काही बघायला गेली नाही, आणि ते मला तिच्या तापापेक्षा मोठं दुखणं वाटलं.

मेघा लग्नानंतर नाशिकला असते. एकदा ती आली ती बोईसरच्या मैत्रिणीला द्यायची वाइनची बाटली घेऊन. घराच्या नियमाची तिला कल्पना होतीच, म्हणून तिने ती कपड्यांत गुंडाळून ठेवली होती. बॅग आवरताना ती वहिनीच्या हाती लागली. मेघाला वाटलं, आता बोलणी बसणार. वहिनीने विचारलं, "हे पितात कसं?" मेघाने सांगितलं की जाणकार लोक आधी पेला फिरवतात, वास घेतात, आणि कशाकशाचा वास आला ते सांगतात. "मग पितात. काही जण तर चव घेऊन थुंकूनही टाकतात."

"वास घेतात नि सांगतात?" वहिनी म्हणाली. "मग फोड ती."

मैत्रिणीची भेट तिथेच फुटली. काचेच्या साध्या पेल्यात थोडी पांढरी वाइन घेऊन वहिनी मागच्या पडवीत बसली. पेला फिरवला, नाकाशी धरला. काही नाही. पुन्हा फिरवला. मेघा सांगते, आई कितीतरी वेळ तशीच बसली होती, डोळे मिटून, आणि मग एकदम म्हणाली, "पपनस." पेला खाली ठेवून ती विहिरीजवळच्या पपनसाच्या झाडाकडे गेली, पान चुरगळून हुंगलं. त्याचा वास येईना. परत येऊन पेला हुंगला... होता. पुसट, पण होता. "झाडात नाय नि पेल्यात हाय, हे कसं गं?" ती मेघाला विचारत राहिली. रडली नाही. तिला त्या प्रश्नाने इतकं घेरलं होतं की रडायचं राहूनच गेलं असावं.

नोकरी संपल्यापासून अण्णा दिवसभर आमच्या वाडीत झाडांमागे असायचा; नेमका तेव्हाच तो तिथून आला. बाटली बघून तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उंबऱ्यावर थांबला आणि म्हणाला, "हे कोणी आणलं?"

"मेघानं. पण फोडली मी," वहिनी म्हणाली. "अवो, मला वास आला."

"वासच तर नको मला," अण्णा म्हणाला आणि मागे फिरला. त्या रात्री तो जेवला नाही. मेघाने बाटली न्हाणीत ओतून टाकली.

दोघांचं भांडण असं झालं नाही, पण एका घरात दोन माणसं एकमेकांना चुकवत वावरायला लागली. शेवटी वहिनीनेच मार्ग काढला आणि त्यात मला ओढलं. पालघरला मी एकटीच राहते. शनिवारी दुपारी ती एसटीने माझ्याकडे यायला लागली, पिशवीत डबे घेऊन. बाटल्या मेघा नाशिकहून पाठवायची, त्या माझ्या फ्रिजमध्ये. वहिनीने अण्णापासून हे लपवलं नाही. "लताकडे वास घ्यायला चाललेय," असं सांगून निघायची. खरं तर बाबांची मुलगी मीही होते. पहिल्या शनिवारी तिने बूच काढलं आणि मी खिडकी उघडून बाहेर बघत बसले. तिने मला आग्रह केला नाही. तिच्या तोंडून जे येत गेलं ते ऐकत ऐकतच मी हळूहळू खुर्ची जवळ ओढली.

कारण ते ऐकण्यासारखंच होतं. वहिनी एक घास खायची, एक घोट तोंडात घोळवायची, भांड्यात चूळ टाकायची आणि कपाळाला आठ्या घालून विचार करायची. लाल वाइन आणि सुरमई : "शी, गंजलेला खिळा चाटल्यासारखं झालं." लाल वाइन आणि तिखट कालवण : "आग लागली गं, मिरची दुप्पट झाली." तेच कालवण आणि जराशी गोडसर पांढरी : "आता बघ, भांडण मिटलं." तळलेल्या कुरकुरीत बोंबलाबरोबर फेसाळ वाइन घेतली तेव्हा ती मोठ्याने हसली आणि मला म्हणाली, "हे तू घेच." मी घेतलं. आयुष्यातला पहिला घोट, साठी उलटल्यावर. बोंबलाचं तेल त्या बुडबुड्यांनी जिभेवरून पुसल्यासारखं झालं आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागला. घाबरायचं मी विसरूनच गेले. असं का होतं, आंबटाला आंबट का चालतं, कोकमाच्या कढीपुढे एवढी महाग वाइन पाणचट का वाटते... आमच्या शनिवारच्या दुपारी अशा प्रश्नांत जायच्या. उत्तरं क्वचितच सापडायची. वहिनीला त्याचं दुःख नव्हतं.

वास परत येत होता, पण वाकडातिकडा. कॉफीला तिला जळक्या टायरचा वास यायचा. कांदा महिनोन्‌महिने मुका होता. एका संध्याकाळी मी पामला होते, वारा फिरला आणि कारखान्यांकडचा तो उग्र, औषधी दर्प गावात उतरला. आमची सगळ्यांची खिडक्या लावायची धावपळ. वहिनी धडाधड खिडक्या उघडत सुटली. "अवो, घाण वास येतो! मला घाण वास येतो!" अंगणात उभी राहून ती छाती भरभरून तो वास घेत होती. अण्णा नाकाला रुमाल लावून तिच्याकडे बघत होता. त्या दिवसानंतर तो तिला शनिवारी एसटी स्टँडवर सोडायला जायला लागला.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मेघा आणि जावई सुट्टीला पामला येतात. थंडीत आमच्याकडे त्या निमित्ताने उकडहंडी होते : कंद, रताळी, वालाच्या शेंगा, वांगी, हिरव्या लसणीचं वाटण, सगळं मातीच्या हंडीत भरायचं, पाल्याने तोंड बंद करून हंडी पालथी घालायची आणि भोवती जाळ. त्या वर्षी वहिनीने अण्णाला सरळ सांगितलं, "या वेळी जेवणाबरोबर वाइन असणार. इथे. माझ्या घरात. लताकडे चोरासारखं खाऊन मला कंटाळा आलाय."

अण्णा म्हणाला, "मग मी वाडीत जेवीन."

"जेवा. पण जाळ कोण घालणार?"

जाळ आमच्याकडे अण्णाच घालतो. तो किती आणि कधी ओढायचा ते त्यालाच कळतं. त्यामुळे त्याला थांबावंच लागलं. सकाळपासून तो हंडीशी पाठमोरा बसून होता. इकडे ओटीवर बोंबील झाले, मग हिरव्या वाटणातलं पापलेट झालं, आम्ही हळू आवाजात बोलत होतो आणि प्रत्येकाचं लक्ष अंगणात. हंडी उघडली, लसणीच्या वाफेचा लोट आला. उकडहंडीने वहिनीला सगळ्यात जास्त छळलं होतं. कंदाचा मातकटपणा आणि लसूण एकत्र आले की पांढरी हरायची आणि लाल कडू व्हायची. शेवटी एक गार केलेली गुलाबी वाइन तिला त्यातल्या त्यात पटली होती. त्याच वाइनचा पेला घेऊन ती अंगणात अण्णासमोर जाऊन उभी राहिली.

"पिऊ नका," ती म्हणाली. "नुसतं नाकाशी धरा. बाबांचा वास हाय काय, तेवढं मला सांगा."

मला वाटलं, तो पेला भिरकावणार. त्याने तो राखेने भरलेल्या हातात घेतला. मी बाबांना आठवत होते, त्यांचा घामट सदरा, तो वास, मागचं दार... आणि मला ठाऊक होतं की अण्णालाही तेच आठवतंय; फक्त मी मागच्या दारी पळायचे तेव्हा तो पुढच्या दारात उभा असायचा. मग त्याने पेला नाकाशी नेला.

"नाय," तो म्हणाला.

"मग कसला हाय?"

"...ओला पाला. नि जांभूळ. कच्चं."

"जांभूळ मला नाय आलं!" वहिनी ओरडली, पेला हिसकावून घेतला आणि तिथेच उभी राहून हुंगायला लागली. अण्णा हात धुऊन ओटीवर येऊन आमच्या पंगतीला बसला. कोकमाचं सरबत प्यायला. त्याने वाइनला तोंड लावलं नाही, पण प्रत्येक पेला त्याच्या नाकाखालून गेला, आणि दोघं नवरा-बायको जेवण संपेपर्यंत त्यावर वाद घालत राहिली. इतकं बोलताना मी त्यांना लग्नाच्या नव्या दिवसांतही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी तसंच जेवण झालं. यंदाच्या डिसेंबरमध्ये काय करायचं, हे त्या दोघांचं ठरत होतं.

मागच्या रविवारी पामला गेले. अण्णा आता स्वतःपुरती भाकरी थापतो, जाड होते. मी स्वयंपाकघरातलं फडताळ आवरायला घेतलं तर मागच्या बाजूला अर्धी लाल वाइन, तोंडाला फडकं बांधलेली. टाकू का, विचारलं. "नको," अण्णा म्हणाला. "तिला बघायचं होतं, उघडी ठेवली तर हिचं काय होतं ते. मधेमधे हलवून बघायची." मग त्याने फडकं सोडलं, वास घेतला, चमच्यात थेंबभर काढली आणि माझ्याकडे न बघता जिभेवर ठेवली. बाबा गेल्याला इतकी वर्षं झाल्यावर, आयुष्यात पहिल्यांदाच.

"आंबलीय," तो म्हणाला. "शिरका झालाय."

त्याने एक कांदा घेतला, उभा चिरला, वर मीठ टाकलं आणि चमचाभर तो शिरका ओतला. कांदा हळूहळू गुलाबी झाला. आम्ही दोघं त्या जाड भाकरीबरोबर तो खायला बसलो. अण्णाने पहिला घास सावकाश चावला, कपाळाला आठ्या घातल्या आणि थांबला, दुसरं कुणीतरी आधी बोलेल म्हणून थांबावं तसा.

"बोंबील हवा होता बरोबर," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला आण."