शून्य नंबरची कातर

थोरल्याचा हात म्हणजे फावडं होतं, आणि त्या हाताची ओळख नसलेला माणूस गल्लीत शोधूनही सापडला नसता. वडील गेले तेव्हा पत्र्याचा कारखाना बळकावायला आलेल्या तिघांना त्याने याच हाताने दाराबाहेर फेकलं होतं. एकाचा जबडा निखळला. अडलेली मशीन, न उघडणारं शटर, उद्धट ट्रकवाला, सगळ्यांवर त्याच्याकडे एकच औषध. धाकट्या भावाला त्याने याच हाताने भरवलं, शिकवलं, कॉम्प्युटर घेऊन दिला आणि मनासारखं झालं नाही की बदडलंही. धाकटा तिशीला आला तरी त्यात खंड पडला नव्हता.

कारखान्यात मशिनी दोनच. पत्रा कापणारी कातर आणि पत्रा वाकवणारा प्रेस. प्रेसच्या मागच्या पट्टीला पत्रा टेकला की वरचा जड दट्ट्या आपोआप खाली येऊन दाबे. दोन्हींना पंप एकच, त्यामुळे आवाजावरून कुठली चालू आहे ते कळत नसे. प्रेसला एक पेटी होती. तिच्यावर दिवा आणि लाल बटण. बटण दाबलं की मशीन जागच्या जागी थांबे. पण ते भर कामात आपोआप दाबलं जायला लागलं, तेव्हा थोरल्याने चिडून हातोड्याने पेटीच उखडली आणि भिरकावून दिली. धाकट्याने मग स्वतःचा कॉम्प्युटर घरून आणून कोपऱ्यात मांडला आणि मशिनी त्याला जोडल्या. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक कमांड टाइप केली की मशीन चालू, दुसरी केली की बंद. त्याच्या यादीतली मोजणी शून्यापासून होती, म्हणून कातरीला शून्य नंबर मिळाला आणि प्रेसला एक. शून्य नंबर कधी कुणाला असतो का, म्हणून थोरल्याने त्याची भरपूर टिंगल केली. पण जिभेला तेच वळण लागलं. "शून्य चालू", "एक बंद" असं तो मशीनपाशी उभा राहून ओरडे, आणि कोपऱ्यात धाकट्याची बोटं चालत.

धाकट्याचा खरा जीव त्या काळ्या खिडकीत. आपण टाइप केलेलं वाचून आत पोचवणारा जो प्रोग्राम असतो, शेल म्हणतात तो, काउंटरवरच्या कारकुनासारखा असतो. जुना कारकून इमानी होता, पण नवा चलाख. अर्धा शब्द लिहिला की पुढचा सुचवणारा, चूक रंगाने दाखवणारा. एका संध्याकाळी धाकट्याने नवा शेल घातला, जुन्या शेलमधली मशिनींची सगळी मांडणी उचलून त्यात चिकटवली आणि एका कमांडने डिफॉल्ट शेल, म्हणजे आपोआप उघडणारा शेल, बदलून टाकला. मग समोरच उघड्या असलेल्या खिडकीत एकेक कमांड देऊन पाहिली. सगळं बिनचूक चाललं.

एवढ्यात थोरला आला. कापलेल्या पत्र्यांचा ढीग तसाच पडलेला आणि भाऊ स्क्रीनवरचे रंग बघत बसलेला. आधी पाना भिंतीवर आदळला, मग कीबोर्ड, मग धाकटा. ओठ फुटून रक्त शर्टावर आलं. बाहेर पडताना धाकटा दातओठ खात म्हणाला, "मोडेल. एक दिवस हा हात मोडेल तुझा." शेजारचा वेल्डर दारातच उभा होता. त्याने ते नीट ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला. दोन्ही मशिनी एकाच कमांडने चालू होत, त्या झाल्या. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. थोड्या वेळाने प्रेसच्या तोंडात पत्रा अडकला. थोरला ओरडला, "एक बंद." धाकट्याने टाइप केलं. थोरल्याने हात आत घालून पत्रा ओढला, पत्रा मागच्या पट्टीला लागला आणि दट्ट्या खाली आला.

हाडांचा चुरा होताना एवढाच आवाज होतो, हे धाकट्याला त्या दिवशी कळलं. किंकाळी नंतर आली. तो पुन्हा पुन्हा "एक बंद" टाइप करत राहिला आणि प्रेस पुन्हा पुन्हा दाबत राहिला. शेवटी वहिनीने वरच्या घरातून धावत येऊन भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. पत्र्यावरून रक्त जमिनीवर ठिबकत होतं. डॉक्टरांनी अंगठा आणि करंगळी वाचवली, मधली बोटं गेली.

धाकट्याला उलगडा झाला तो दवाखान्याच्या बाकावर. नवा शेल यादी शून्यापासून मोजत नाही, एकपासून मोजतो. एक म्हटल्यावर त्याने कातर बंद केली होती. आणि संध्याकाळी ज्या खिडकीत त्याने सगळं तपासलं तिच्यात जुनाच शेल होता. बदल लागू होतो नव्याने लॉगिन केल्यावर. पण हे सांगायचं कुणाला? वेल्डरने त्याचं ते हात मोडण्याचं बोलणं गल्लीभर केलंच होतं. वहिनी बाकापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, माझ्या डोळ्यांत बघून सांगा. मनात काही नव्हतं ना?" मनात होतं. बोटांत नव्हतं. धाकट्याला दोन्ही एका वाक्यात सांगता येईना, आणि वहिनीने त्यानंतर त्याला हाक मारली नाही.

थोरला घरी आला. त्याने शिवीसुद्धा दिली नाही, धाकट्याला ती शिवी हवी होती. बँडेज सुटल्यावर एका दुपारी तो कारखान्यात उतरला, मेन स्विच वर केला आणि म्हणाला, "बस तिथे. चालू कर."

धाकट्याने चालू केलं. त्या दिवसापासून कॉम्प्युटरला कुणी हात लावला नव्हता.

"मुद्दाम केलंस?"

"नाही दादा. नंबर बदलले होते. मी तपासलं, पण..."

"बरं." थोरल्याने उरलेला डावा हात कोपरापर्यंत प्रेसच्या तोंडात घातला. बोटं मागच्या पट्टीपासून वीतभर लांब. "एक बंद."

धाकट्याची बोटं कीबोर्डवर गोठली. शेल अजून नवाच होता. दोन टाइप केलं तर प्रेस थांबणार, हे त्याला ठाऊक होतं. पण त्या संध्याकाळीही त्याला सगळं असंच ठाऊक होतं.

"हात काढ."

"एक बंद म्हणालो मी."

"आधी हात काढ, दादा." आयुष्यात पहिल्यांदा तो भावाला हुकूम देत होता. थोरल्याने हात काढला नाही. धाकट्याने खुर्ची लाथाडली, धावत भिंत गाठली आणि मेन स्विच ओढला. पंप धापा टाकत बंद पडला.

थोरला सावकाश त्याच्याजवळ आला आणि डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. हाताला सवय नव्हती, नेम चुकला, फटका कानामागे बसला.

"त्या दिवशी हे सुचलं नाही? टाइप करत बसला होतास गाढवासारखा."

धाकटा कान धरून भिंतीला टेकला. दारात वहिनी उभी होती. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं, मग प्रेसकडे, जिथे उखडलेल्या पेटीची चार भोकं राहिली होती.

"कातरीच्या मागे बघ," तो म्हणाला. "तिकडेच फेकलं होतं मी ते लाल बटण. काढ आणि बसव पुन्हा."

धाकटा गुडघ्यांवर बसून कातरीमागच्या अंधारात हात घालू लागला.

"भाऊजी, थांबा," वहिनी म्हणाली, "बॅटरी आणते."