मामांचा बसलेला आवाज

आमच्या मामांना माईक लागत नाही, माईकलाच मामा लागतात, असं कोरेगावात कुणीही सांगेल. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, जत्रेतल्या कुस्ती मैदानांचे निवेदक. रहिमतपूरपासून कवठे महांकाळपर्यंत कुठेही शड्डू ठोकला गेला की बोलायला मामा हजर. घरीही त्यांचं निवेदन थांबत नसे. आत्यानं तव्यावरच्या भाकरीला हात घातला की ते ओसरीवरून विचारत, "पालथी पडंल का चितपट व्हईल?" म्हैस दारात अडून बसली तर तिचं वजन, गाव आणि वस्तादाचं नाव जाहीर करत. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. माझा बारावीचा निकाल त्यांनी दोन कुस्त्यांच्या मध्ये माईकवरून सांगितला, तेव्हा एका पैलवानानं मला खरोखर फेटा बांधला. तो नाकापर्यंत आला होता, त्यामुळे पुढचं मैदान मला दिसलं नाही.

या कामात आवाज बसणं हा मान समजतात. जितका घसा फाटलेला, तितकी मैदानं जास्त. म्हणून यंदा जत्रा संपून पेरण्या झाल्या तरी मामांचा आवाज बसलेलाच राहिला, तेव्हा लोक त्यांचं कौतुकच करू लागले. मामाही खूश. घास अडकायला लागला, त्याचा दोष त्यांनी आत्याच्या भाकरीला दिला.

मी सुट्टीला सांगलीच्या कॉलेजातून आले होते. मामा मान वर करून तांब्यानं पाणी पीत होते आणि त्यांच्या गळ्यावर बोराएवढं काहीतरी वर जाऊन खाली आलं. मी विचारलं, तर त्यांनी अभिमानानं माझं बोट तिथं टेकवलं.

"बघ की पोरी, गिळलं की उडी मारतंय. दुखत न्हाई, खुपत न्हाई. पाळलंय समज."

मीही हसले. मला आजारातलं काही कळत नाही. पण आवाज, घास आणि ही गाठ, तिन्ही एकाच गळ्यात आहेत, एवढं कळलं. मोठ्या माणसाला कसं बोलावं, म्हणून जरा अडखळले.

"मामा, जत्रा तर कवाच संपल्या. मग आवाज कशानं बसलाय?"

मामांनी तांब्या खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन माझ्याबरोबर सांगलीच्या गाडीत बसले.

सांगलीचे डॉक्टर म्हणाले, गळ्यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात. पण गाठ आहे आणि आवाजही परत येत नाही, तर दुखण्याची वाट बघायची नाही. सोनोग्राफी झाली. सुईनं तपासणी करताना मामा पुटपुटले, "सुई आत, पैलवान जागचा हलला न्हाई." डॉक्टरांनी त्यांना गप्प बसवलं. थायरॉईडचा कॅन्सर निघाला, पण वेळेत सापडला. ऑपरेशननंतर आवाज कदाचित पूर्वीसारखा राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मामांनी मान खाली घातली. बोलली ती आत्या.

"आवाज जाऊ द्या डॉक्टर, माणूस ऱ्हाऊ द्या."

माणूस राहिला. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेतो. आवाज मात्र शेजारी बसलेल्यालाच ऐकू जाईल एवढा उरला आहे. संध्याकाळी मामा काहीतरी सांगू लागले की आत्या हातातलं काम टाकून त्यांना खेटून बसते. पहिल्या खेपेलाच तिला सगळं ऐकू गेलेलं असतं, हे मला दिसतं. तरी ती कान पुढे करून विचारते, "काय म्हणलासा?"