धर्माची मूठ

उजवा तळहात कानामागे धरायची, मान वाकडी करायची आणि म्हणायची, "मले ऐकू नाई आलं, बावा. जोरात सांग."

अमरावतीच्या कापूसबाजारात त्या दिवसांत ज्यांनी एकदा तरी गाडी सोडली, त्यांना ती आठवत असणारच. वलगावची बाई. नवरा गेल्यावर जमीन स्वतः कसणारी, गाडी स्वतः हाकणारी. सगळा बाजार तिला आत्याबाई म्हणे. मी तिथला मापारी. कापूस काट्यावर चढला की वजन मोठ्यानं पुकारायचं, हे माझं काम. मी पुकारलेलं वजन तिला पहिल्या खेपेला कधीच ऐकू आलं नाही. एकदा मात्र शेजारच्या मापाऱ्याच्या कानाशी मी पुटपुटलो, "आत्याबाईची भाकर आज करपलेली दिसते." तर गाडीच्या पलीकडून आवाज आला, "तुले कोनं बलावलं खायाले?"

तर ती खरंच बहिरी होती का, यावर बाजारात दोन तट होते.

दिवस मोठे नवलाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस अडलेला, आणि विलायतेला आमचा वऱ्हाडी कापूस कितीही दिला तरी पुरेना. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. पैसा आला तसं पुण्यही सुचलं. बाजारालगत गाडीवानांसाठी धर्मशाळा बांधायची आणि बैलांसाठी विहीर नि हौद करायचा, असं व्यापाऱ्यांनी ठरवलं. त्यासाठी दर गाडीमागं एक मूठ कापूस धर्माच्या ढिगावर टाकायचा. ढिगाचा कारभार एका बड्या दलालाकडे गेला. आम्ही त्यांना शेटजी म्हणत असू. मूठ कोणाची, हे मात्र ठरवायचं राहून गेलं. शेटजींनी मूठ घ्यायला जो पैलवान नेमला त्याचा पंजा सुपाएवढा होता, आणि तो दोन्ही हात घाली.

दोन हंगाम गेले. धर्मशाळेच्या नि विहिरीच्या जागी तण वाढलं. बैल पाण्याला खालच्या नाल्यावरच जात राहिले.

एके दिवशी आत्याबाईनं शेटजींना भर बाजारात गाठलं. "शेटजी, धर्माच्या कापसाचं काय झालं?"

"सगळं व्यवस्थित आहे, आत्याबाई," शेटजी हळूच म्हणाले.

तळहात कानामागे गेला. "ऐकू नाई आलं."

"व्यवस्थित आहे!"

"काय व्यवस्थित हाये?"

आता आजूबाजूचे गाडीवान वळून पाहू लागले. शेटजींनी जुना उपाय काढला. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत; दोघांच्या हातांवर रुमाल टाकून खाली बोटं दाबून ठरवत. शेटजींनी खांद्यावरचा रुमाल तिच्या हातावर टाकला आणि बोटं दाबली. तिच्या कापसाला चढा भाव मिळेल, मग हा विषय सोडायचा, असा त्याचा अर्थ.

आत्याबाईनं रुमाल उचलून फेकला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, "शेटजी, माहा हात काहून दाबून राह्यले तुमी?"

बाजार इतका हसला की माझ्या काट्याची पारडी हलली. शेटजी पागोटं सावरत निघून गेले.

पण शेटजी मोठे दलाल. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईच्या गाडीकडे एकही खरेदीदार फिरकेना. आठवडा उलटला. ती गाडीखाली चूल मांडून राहिली. लढाई संपत आल्याची आवई उठली होती. भाव डळमळू लागले होते. मला राहवेना. मी जाऊन म्हटलं, "आत्याबाई, दोन शब्द गोड बोला शेटजींशी, अन् मोकळ्या व्हा."

त्या दिवशी तिचा हात कानाकडे गेला नाही. ती हळू म्हणाली, "भाऊ, याच बाजारात पाण्याले नेतानी माहा बैल नाल्याच्या दरडीवरून घसरला. पाय मोडला त्याचा. माह्या मालकानं हौसेनं आनला होता तो. अन् मी दोन वर्सं धर्माची मूठ देऊन राहिली."

ते मी गाडीवानांच्या कानावर घातलं.

दुसऱ्या सकाळी पैलवान पहिल्या गाडीपाशी गेला. गाडीवान कापसावर मांडी ठोकून बसलेला. तळहात कानामागे. "काय म्हनतं? ऐकू नाई आलं." दुसऱ्या गाडीवरही तेच. तिसऱ्या गाडीवरही. शेवटपर्यंत सगळी रांग बहिरी. मूठ नाही, तर माप नाही. माप नाही, तर बाजार बंद. दुपारी अकोल्याचे एक खानसाहेब खरेदीदार वैतागून म्हणाले, "शेटजी, हिसाब सुनाके टाका ना! माह्या गाड्या उभ्या आहेत!"

शेटजी कापसाच्या भल्यामोठ्या पोत्यावर चढले आणि धर्माच्या पैशाचा खर्च सांगू लागले.

"चुना!" ते ओरडले. "विटा! दमणी!" दमणी म्हणजे बसून फिरायची हलकी बैलगाडी; शेटजी तसल्या नव्याकोऱ्या गाडीतून फिरत.

"दमणी कायले?" आत्याबाई.

"विहिरीची पाहणी करायला जायला!"

"अन् विहीर कोठी हाये?"

शेटजींनी बाजाराकडे पाहिलं, पागोट्याला हात लावला आणि सांगितलं, "खोदायची आहे!"

शेटजींनी ती दमणी विकली नि त्या पैशातून विहीर खोदायला घेतली. त्याच उन्हाळ्यात विहिरीला पाणी लागलं. तेव्हापासून दर बाजारी हिशोब ओरडून सांगायचा, असा रिवाजच पडला. पुढं पुढं शेटजींना ते आवडू लागलं असावं. खडीसाखर चघळत, घसा साफ करून येत.

गाडीवानांनी धर्माच्या कारभारावर आत्याबाईला पंच केलं. पहिल्याच बाजारी ती उभी राहिली आणि खाली पाहत म्हणाली, "हौदापाशी ठेवलेल्या धर्माच्या कडब्यातला एक भारा माह्या बैलाईनं खाल्ला. मी भरून देला."

"ऐकू नाई आलं!" सगळा बाजार गरजला. बिचारीला ते पुनःपुन्हा सांगावं लागलं. कानशिलं लाल झाली होती, पण हसत होती.

लढाई संपली, भाव कोसळला, शिंगांवरच्या शेंब्या सोनाराकडे परत गेल्या. आत्याबाईची गाडी येत राहिली. मग एका हंगामात ती गाडी तिचा जावई हाकत आला. दिवाळीनंतर वेचणीच्या वेळी आत्याबाई शेतातच वारली, म्हणाला.

मी शेटजींना सांगितलं. ते माझ्या काट्याजवळच्या पोत्यावर बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग जावयाला विचारलं, "बैलांना पाणी दाखवलं का?"

"नाई अजून."

जावई उठू लागला तर त्याला त्यांनी हातानं बसवलं. धोतराचा काष्टा घट्ट मारून विहिरीवर गेले. आयुष्यात कधी दोराला हात लावलेला नव्हता. अर्धं पाणी हौदात पडलं, अर्धं त्यांच्या अंगावर. बैल पाण्यावरून मान उचलेपर्यंत शेटजी पाणी ओढतच होते.