सोमसूत्रापाशीचा बाण

आमचे गाव धरणाच्या पोटात गेले, त्यासोबत महादेवाचे देऊळही गेले. त्याच पाण्यावर ज्या सहकारी साखर कारखान्याचा ऊस पोसला, त्याने पुढे ते गाव मोबाइलवरच्या खेळात पुन्हा उभे करावयास घेतले. खेळणाऱ्याने वेशीतून शिरावे, गल्ल्या हिंडाव्यात, दर्शन घ्यावे. वाट दाखवणारे फलक आणि बाण रेखाटण्याचे काम माझ्या पुतण्याच्या मुलीकडे होते. त्या देवळात मी वर्षानुवर्षे रुद्र म्हटला होता, म्हणून तिने मला ते पडद्यावर दाखवले.

नंदी, दीपमाळ, पायरीची झीजसुद्धा खरी होती. मी हात जोडले. तोच जमिनीवर केशरी बाण उजळले आणि गाभाऱ्याभोवती पूर्ण वर्तुळ करून आले.

"हे चुकले, बाळ. शिवाची प्रदक्षिणा अर्धी. अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडते, ते सोमसूत्र. ते ओलांडू नये. तिथवर जावे आणि आल्या वाटेने परतावे. पुढची पिढी हे देऊळ इथेच पाहणार आहे."

तिने मन लावून ऐकले. नवे बाण सोमसूत्रापाशी थांबून मागे वळू लागले. ते दाखवावयास आम्ही कारखान्याच्या अध्यक्षांकडे गेलो.

"महाराज, गेममदी कोन मागं वळतंय?" ते म्हणाले. "पोरांला वाटंल रस्ताच बंद हाय. महादेव भोळा हाय, येवढं चालवून घेईल."

भोवती बसलेले संचालक हसले. मुलीने तोंड उघडले, तसे अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमी बाण काढा. शास्त्र र्‍हाऊ द्या."

वर्तुळ कायम राहिले.

मग पावसाने पाठ फिरवली, धरण आटले आणि देऊळ उघडे पडले. जीपा भरभरून लोक आले. बहुतेक धरणानंतर जन्मलेले. कोणालाही वाट विचारावी लागली नाही. भेगाळलेल्या गाळातून ते नेमके वेशीवर आले, नेमके नंदीपाशी आले आणि तितक्याच नेमकेपणाने सोमसूत्र ओलांडून गेले. मुलीने काम इतके उत्तम केले होते.

मी कोरड्या पन्हळीपर्यंत गेलो, मस्तक टेकवले आणि मागे वळलो. समोरून रांग येत होती. एक बाई आदराने थांबली.

"आजोबा, उलटं कावून जायलाव? वाट तिकडून हाय."

मी भिंतीला पाठ लावली आणि त्या सर्वांना जाऊ दिले.